उंदरांची पंगत

मानवजातीच्या पोटाचा घेर कमी करण्याचा मार्ग नगर जिल्ह्यातून जाणार, याबद्दल सत्यशीलाच्या मनात शंका उरली नव्हती. पीएचडीचा शेवटचा प्रयोग आज संपत होता. उरलेलं काम फक्त वजनकाट्याचं होतं.

फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये चोवीस पांढरे उंदीर. आठांना साधा खुराक, निळ्या डब्यातला. आठांना तूप-साखरेचा, लाल डब्यातला. त्यांना चरबी, शुगर, बीपी सगळं एकदम व्हावं अशी योजना होती. उरलेल्या आठांना लाल डबा आणि वर सूज उतरवणारं औषध. लठ्ठ माणूस आतूनही सुजलेला असतो, ती सूज उतरवली की बाकीचंही उतरेल, असं सत्यशीलाचं म्हणणं. औषध ती रोज स्वतः पाजायची. खाणं तिथल्या मदतनीस आक्काबाई घालायच्या.

साध्या खुराकाचा पहिला उंदीर काट्यावर बसला. चारशे ऐंशी ग्रॅम. दुसरा चारशे नव्वद. बारा आठवडे ते वाढतच होते, पण वाढीचं वय आहे म्हणून तिनं सोडून दिलं होतं. तिनं काटा बदलून पाहिला. तुपाचे आठही तेवढेच भरले. औषधवाल्यांकडे ती वळलीच नाही. तुलना करायची कुणाशी?

"आक्काबाई, निळा डबा कुणाला घालता?"

"समद्यांला."

"आणि लाल?"

"त्यो बी समद्यांला. परातीत कालवते न् वाढते." आक्काबाईंनी परात दाखवली. लख्ख घासलेली होती. "एका वळीत बसवायचं, आन् ह्याला तूप, त्याला कोरडं? मिरजगावला आमच्या दारात आजवर पंक्तिभेद झाला न्हाई, म्याडम. ही बिचारी जाळीतनं शेजारच्याच्या खान्याकडं बघत बसली आसती."

"अहो, तोच तर प्रयोग होता! पीएचडीची तीन वर्षं गेली माझी!"

"व्हय? मला वाटलं, डबं चुकून येगळं आलं. शिकल्याली मानसं आसं कशाला करत्याल?"

सत्यशीला स्टुलावर बसली. "औषध तरी नाही ना वाटलंत सगळ्यांना?"

"छ्या! त्ये तुमचं काम. तिथला पंक्तिभेद तुमीच केलाय."

खाण्याची वेळ झाली होती. चोवीस नाकं जाळीला लागली होती.

आक्काबाईंना राहवेना. "मधी पडदा लावला आसता ना, म्हंजी दुसरी पंगत झाली आसती. मग ज्याचं त्याला घातलं आसतं मी. त्यात दोष न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं?"

पडद्याला अडीच मीटर कापड लागतं. प्रयोगाला बारा आठवडे लागतात. सत्यशीलाच्या फेलोशिपचे सहा उरले होते.