काळी-पांढरी दोरी

सासूबाईंचा पुन्हा फोन आला. "पाहुणे ताटकळलेत, राउशान. बाळाच्या पायांत काळी-पांढरी दोरी बांधून ठेवलीय. तू आलीस की कापू, मग टाकेल तो पहिलं पाऊल. तुझी हाडं काही पळून जात नाहीत."

"निघतेच, अपा," म्हणत राउशानने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. इर्तिशकाठच्या टेकाडाखाली, आठशे वर्षांपूर्वीच्या थडग्यात, वर्षभराच्या मुलाचा सांगाडा सापडला होता. पाय बांधलेले. "कैद्याचं पोर असणार," साहेब म्हणाले होते. तिला ते काही केल्या पटत नव्हतं.

घोट्यावरच्या धाग्याची माती तिने हलकेच पुसली. एक पदर काळा निघाला, दुसरा पांढरा. गाठ शाबूत होती.

तिने घाईघाईने घरी फोन लावला.

"अपा, माझ्यासाठी थांबू नका. आत्ताच्या आत्ता कापा."