अजून गार

मृग लागल्यावर कुमुदला जाग आली, तेव्हा झोपताना मनगटात रुतलेल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. बिळात झोपणाऱ्या खारींपासून ती लस निघाली, तेव्हापासून सगळं अकोला अंगावर चरबी चढवून उन्हाळाभर थंडगार पडून राहायचं. पुरुष मात्र बायकांच्या आठ-पंधरा दिवस आधी उठायचे. खारींचंही तसंच असतं म्हणे. म्हणून लस टोचतानाच दरवर्षी बजावलं जायचं, की आधी उठेल त्याने घर झाडून, पाणी भरून ठेवावं.

कुमुदने डोळे किलकिले केले. पलंगाखाली धुळीचा थर होता आणि खरकट्या भांड्यांचा ढीग मोरीतून बाहेर आला होता. अंगात काडीचं त्राण नव्हतं. तिने डोळे पुन्हा मिटून घेतले.

शरदरावांनी जवळ येऊन बायकोच्या तळपायाला हात लावला. तिने श्वास रोखून धरला. आता तरी हे झाडू हातात घेतील, असं तिला वाटलं.

"तुषार," त्यांनी मुलाला हाक मारली, "आई अजून गारच आहे रे. आजच्यापुरत्या शेजारून दोन ताटल्या आण. उठली की घासेल ती सगळंच."