कोरडी होडी

किल्ल्यातल्या संग्रहालयात दोरी ओलांडून मी होडीच्या फळ्यांमधल्या फटीत बोट घातलं. अख्खं बोट आत गेलं.

"आजोबा, हात लावू नका!" पहारेकरी खेकसला.

"माझी होडी आहे ही! चाळीस वर्षं हिच्यातून मासे आणलेत."

मुलगा गडबडीने पुढे आला. गुजरातच्या मच्छीमारांनी होडी विकत नेली, असं वर्षभर मला सांगत होता. आज सगळ्यांना सहलीला घेऊन आला, तो ती संग्रहालयाला दिलीय हे दाखवायला. "बाबा, बघा तरी. एसीत ठेवलीय. ऊन नाही, खारं पाणी नाही."

"गाढवा, लाकडाची होडी कोरडी ठेवली की फळ्या आकसतात. नाखव्याच्या पोटी जन्मलास ना?"

नातीच्या हातातली बाटली हिसकावून मी सगळं पाणी फटींवर ओतलं. लाकडाने ते घटाघटा पिऊन टाकलं.

"पडू देत फटी," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. "तिला आता कुठे समुद्रात जायचंय?"

"डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हाही तू हेच बोललास," मी ओरडलो. "'यांना आता कुठे समुद्रात जायचंय?'"