तेलाची पातळी

"वरचा बोल्ट पूर्ण काढू नकोस गं! नुसता सैल कर. नाहीतर झाकण आणि तेल, दोन्ही तुझ्या तोंडावर येतील."

"येऊ द्या. तेवढीच सुरकुत्यांना मालिश," जीपखालून बायकोचा आवाज आला.

नवरा अंगणात खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात हलायचा, उचलला जायचा, पण त्या हाताला काही कळायचं नाही. कप गरम आहे की गार, हेसुद्धा दुसऱ्याला विचारायचं. स्टिअरिंग मुठीत आहे की सुटलंय तेच कळत नसेल, तर डोंगरातल्या वाटेवर गाडी काय चालवणार, कपाळ? म्हणून त्यानेच जीपला गिऱ्हाईक शोधलं होतं. ते संध्याकाळी यायचं होतं.

बायकोने एकच हट्ट धरला. आजारपणाच्या आधी त्याने डिफरन्शियलची दोन नवी झाकणं आणली होती, एक मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला, एक पुढच्या. चांगली जाडजूड, दगडावर आपटली तरी न फुटणारी. ती पलंगाखाली धूळ खात पडली होती. "गाडी गेल्यावर त्यांचं काय करू? कोथिंबीर लावू त्यांत?" ती म्हणाली होती. "द्यायची तर धड करून द्या. तुम्ही सांगा, मी करते."

मागचं जुनं झाकण सुटलं आणि काळंकुट्ट तेल परातीत भदाभदा पडलं. त्या सडक्या वासाने बायको "शी!" म्हणाली. नवऱ्याने मात्र छाती भरून श्वास घेतला. किती दिवसांनी हा वास आला होता!

तिने आतली दातेरी चाकं पुसली, कडेला चिकटलेला जुना थर खरवडून काढला, तेल गळू नये म्हणून सिलिकॉनची रेघ ओढली आणि नवं झाकण बसवलं.

"समोरासमोरचे बोल्ट आवळ. एकाच बाजूने आवळत सुटू नकोस."

"माहितीये. एवढी वर्षं संसार केलाय तुमच्याशी. कुठे किती आवळायचं ते कळतं मला."

तो हसला. "बरं, आता तेल भरायचं बूच उघड."

खाली बराच वेळ नुसती खुडबुड चालली. मग ती म्हणाली, "हलत नाही हो हे."

नवऱ्याचं हसू मावळलं. जन्मभर त्याचा एकच नियम होता: आधी भरायचं बूच सैल करायचं, मगच तेल काढायचं. बूच अडकलं तर गाडी कोरडी ठणठणीत राहते, जागची हलवता येत नाही. हा नियम मोडला म्हणून त्याने मित्रांना शिव्या घातल्या होत्या. आणि आज त्यानेच सांगितलं होतं, झाकणापासून सुरू कर.

"हात गेला होताच, आता डोकंही गेलं माझं," तो म्हणाला. "ये बाहेर. ओढून नेऊ दे त्या माणसाला. नाहीतरी कशाला ठेवायची आहे?"

"डोकं गेलं असतं तर चूक कळली असती का? पाइप कुठाय?"

तिने पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला, दोन्ही पाय चाकाला टेकवले आणि जोर लावता लावता असा एक शब्द हासडला की नवरा खुर्चीत सरळ झाला. करकर वाजून बूच सुटलं.

"हे कुठे शिकलीस तू?"

"तुम्ही बुचं काढताना."

मग तिने बाटल्या पिळून नवं तेल भरायला घेतलं. दाट, आळशी तेल ते, सावकाश उतरत होतं.

"आता पातळी बघ. भोकात बोट घालून खाली वाकव. बोटाला तेल लागलं की झालं."

"मला कसं कळणार? माझे हात कोपरापर्यंत तेलातच आहेत. तुम्ही या."

"मी?"

"मग काय, शेजाऱ्यांना हाक मारू?"

कुरकुर करत तो उतरला, सतरंजीवर आडवा झाला आणि सरकत सरकत गाडीखाली गेला. डाव्या कुशीवर पडल्यावर डावा हात अंगाखालीच दबला. मोकळा राहिला तो उजवा. त्याच्यावर नजर रोखून त्याने बोट नेमकं भोकापाशी नेलं आणि आत घातलं. आता डोळ्यांचं काही चालणार नव्हतं.

"काही लागत नाही," तो म्हणाला.

"मग अजून घालते."

"नाही लागत."

"अजून घालते. दमानं."

तिसऱ्यांदा बोट आत गेलं आणि आतच राहिलं.

"अहो? काय झालं?"

"गार," तो म्हणाला. मग पोरासारखा ओरडला, "गार लागतंय गं! बोटाला गार लागतंय!"

भोकातून तेल ओघळायला लागलं होतं. बूच लावायचं सोडून तो पुन्हा पुन्हा बोट बुडवून बघत होता, आणि दर वेळी "गार" म्हणत होता. बायको शेजारी उताणी पडली होती. तिचे डोळे वाहत होते, पण पुसणार कशाने, हात तर तेलाचे.

तेवढ्यात त्याला तिच्या खांद्यावर कोरडं, स्वच्छ फडकं दिसलं.

"फडकं आहे की तुझ्याकडे! हात पुसून तूच बघायचंस ना."

"लक्षातच नाही आलं बाई," ती म्हणाली आणि फडक्यात तोंड लपवलं.

खुर्चीवरचा फोन वाजायला लागला. गिऱ्हाईकच असणार. दोघांनीही तिकडे पाहिलं, पण कुणी उठलं नाही. बायकोने नाक पुसलं, परात ओढली आणि सरपटत पुढच्या चाकांकडे निघाली.

"आता पुढचं झाकण सोडते."

फोन वाजतच होता.

"आधी बूच," तो म्हणाला आणि पान्यासाठी उजवा हात पुढे केला.