डिशची परवानगी

"गॅलरी तुमची असली, तरी बाहेरची भिंत सोसायटीची आहे, काकू," सेक्रेटरी निंबकर सभेत म्हणाले. "तिच्यावर लावलेली डिश काढावी लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

सुलभा हलसगी उभ्या राहिल्या. "अर्धांगाच्या झटक्यात आमच्या ह्यांची मराठी गेली हो. उरलंय ते लहानपणचं कानडी, आणि ते मला येत नाही. कानडी बातम्या लागल्या की हे हसतात, हुंकार देतात. केबलवर ते चॅनेल नाही. गच्चीवर तरी डिश लावू द्या."

"गच्चीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय. भोकं पाडली आणि गळती लागली, तर जबाबदार कोण?"

मतदान झालं. रोज आमटीची वाटी पाठवणाऱ्या शेजारणीनंही मान खाली घालून विरोधात हात वर केला.

दुसऱ्या दिवशी डिश उतरली. अण्णा, सुलभाताईंचे यजमान, पलंगावरून टीव्हीकडे बघत काहीतरी विचारत राहिले. सुलभाताईंनी पाणी दिलं, उशी सरळ केली, खिडकी उघडली. अण्णा मान हलवत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारत. आठवड्याभराने त्यांनी विचारणं सोडलं.

सुलभाताईंनी निबंधक कार्यालयात अर्ज केला, हेलपाटे घातले. सहा महिन्यांनी गच्चीवर डिश लावायची परवानगी मिळाली. त्याच दुपारी डिश बसली. निवेदिका घडाघडा कानडी बोलू लागली, तशा सुलभाताई आवाज वाढवून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

अण्णांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. कुठल्याच भाषेत ते पुन्हा बोलले नाहीत.