चित्रांचं लिनक्स

फोटो आणि आवाज एका जागी राहावेत म्हणून लेकीने तळहाताएवढा कॉम्प्युटर पाठवला. फोनवर बजावलं, "बाबा, तो चालवायला नुसत्या अक्षरांचं लिनक्स घाला, ते हलकं असतं. आईच्या जुन्या मेमरी कार्डाला हात लावू नका. आईचा आवाज आता तेवढ्यातच उरलाय."

मी साठीनंतर वाचायला शिकलो. अक्षरांच्या धास्तीने चित्रांचं लिनक्स निवडलं. ते सोबत आलेल्या नव्या छोट्या कार्डात मावेना. लेकीला विचारायची लाज वाटली, म्हणून मोठं जुनं कार्ड खोचलं. पडद्यावर लांबलचक इशारा आला. मोठ्याने, अडखळत अर्धाच वाचून मी 'हो' दाबलं. न कळलेल्याला मान डोलवायची जन्माची सवय.

सगळं पुसलं गेलं.

संध्याकाळी लेक म्हणाली, "जमलं की बाबा! मला इथून दिसतंय. आईचं कार्ड नीट आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"आणि हे रेकॉर्डिंग कसलं? तारीख आजची आहे."

कॉम्प्युटरला माइक नव्हता. मी थांब म्हणेपर्यंत तिने ते लावलं. फोनमधून माझं अडखळत वाचणं ऐकू आलं, आणि मग बायकोचा आवाज. "अहो, हो म्हणू नका. शेवटपर्यंत वाचा."

लेकीने ते पुन्हा एकदा लावलं.

"बाबा, आई कशाला नको म्हणतेय?"