चिंचेने घासलेला सेंट

शैलेशने नाणं कडांना धरून उचललं, छोट्या वजनकाट्यावर ठेवलं आणि मान डोलावली.

"वजन बरोबर. तांबंही जुनं आहे."

दिनकररावांनी खुर्ची आणखी पुढे सरकवली.

कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या घरात आता बसायच्या जागेपेक्षा खोकी जास्त होती. मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीतली दिनकररावांची नोकरी संपली होती. पुढच्या आठवड्यात कायमचं नाशिक. जाण्यापूर्वी त्यांना शैलेशसारख्या नाण्यांच्या जाणकाराच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की आपली नजर खरी होती.

एकोणीस वर्षांपूर्वी तिथल्याच राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारात त्यांना हा अमेरिकन सेंट सापडला. साल १७९९, फार दुर्मीळ. त्यानंतरचे काही महिने दोघांच्या संसारातले सगळ्यात सुखाचे. संध्याकाळचा चहा घेता घेता दिनकरराव त्या एका नाण्यावर नाशिकला बंगला बांधायचे आणि कुसुमताई त्यात झोपाळा टांगायच्या.

मग दिवाळी आली. हॉस्पिटलच्या लॅबमधून ड्यूटी करून आलेल्या कुसुमताईंनी देवाच्या ताम्हन-पळीबरोबर नाणंही चिंच-मीठ लावून लख्ख घासलं. दोनशे वर्षांचा तपकिरी रंग गेला आणि रंगाबरोबर किंमतही. दिनकरराव दोन दिवस जेवले नाहीत. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते ही हकिगत तिखटमीठ लावून ऐकवत राहिले. कुसुमताई मुकाट्याने पोहे वाढायच्या.

शैलेशने भिंग डोळ्याला लावलं. सालाच्या शेवटच्या आकड्यावर तो बराच वेळ रेंगाळला.

"चिंचेनंच घात केला ना?" दिनकररावांचा आवाज कापरा झाला होता.

शैलेशने त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"हो. नाहीतर बंगला नक्की होता."

दिनकररावांचा चेहरा असा खुलला, की पुरस्कारच मिळाला जणू. मी म्हणत नव्हतो का, असं त्यांनी बायकोला तीनदा ऐकवलं आणि नाणं स्वतःच्या हातांनी रुमालात गुंडाळलं.

कुसुमताई शैलेशला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. त्याला राहवेना.

"वहिनी, त्यांच्यापुढे खरं बोलवेना मला. पण इतकी वर्षं तुम्ही उगाच बोलणी खाल्लीत. नाणं सतराशे अठ्ठ्याण्णवचं आहे, कुणीतरी आठाचा नऊ कोरलाय. त्याला तशी किंमत कधी नव्हतीच."

कुसुमताईंनी लिफ्टचं बटण दाबलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "घासायच्या आधी लॅबच्या मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं."